पॅकेजच्या आधी एक वही

वाचकाचं पत्र

‘गोव्यात डिचोली तालुक्यातल्या प्राथमिक शाळेत मी ३१ वर्षं शिकवलं, दोन वर्षांमागे निवृत्त झाले. लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा खनिज वाहायला कर्ज काढून घेतलेले ट्रक आमच्या गावात घरोघरी दारात उभे राहिले. त्या घरांवर मी कादंबरी लिहिली आहे, सुमारे ७० हजार शब्दांची. पुण्याच्या दोन प्रकाशकांना पाठवून वर्ष झालं, उत्तर नाही. आता एका कंपनीचे फोन येतात. ८५ हजार रुपये भरा. मुखपृष्ठ, छपाई, ऑनलाइन विक्री आणि पुस्तक “बेस्टसेलर” करायची मोहीम, सगळं आम्ही बघतो म्हणतात. यजमान म्हणतात, निवृत्तीचे पैसे यात घालू नकोस. मला स्वतःचं पुस्तक स्वतः विकत फिरायची लाज वाटते. आणखी एक अडचण आहे. ज्याच्यावरून मुख्य पात्र सुचलं, तो माणूस आमच्याच वाड्यावर, म्हणजे वस्तीत, राहतो. मी काय करावं?’

– एक शिक्षिका, डिचोली

प्रिय बाई,

त्या कंपनीच्या कागदावर सही करू नका. पदरचे पैसे घालून पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही. मराठीत कितीतरी चांगली पुस्तकं लेखकांनी अशीच काढली आहेत. मला भीती आहे ती पॅकेजची. त्यात पाच-सहा वेगवेगळी कामं एका रकमेत बांधलेली असतात, आणि कुठल्या कामाला किती पैसे गेले हे तुम्हाला शेवटपर्यंत कळत नाही. पुन्हा फोन आला तर एवढं विचारा: माझ्या हातात छापील प्रती किती येणार? मजकूर तपासणारा माणूस कोण, आणि त्याला मराठी येतं का? ई-बुक, ऑडिओ, अनुवाद यांचे हक्क कुणाकडे आणि किती वर्षं? मुखपृष्ठाची आणि मांडणीची मूळ फाइल मला मिळणार का? उत्तरं लेखी मागा. ज्यांचं काम सरळ आहे ते लगेच देतील.

‘बेस्टसेलर’ या शब्दावर तर एक रुपयाही खर्च करू नका. ऑनलाइन दुकानातला क्रमांक दिवसातून अनेकदा बदलतो. एखाद्या लहानशा विभागात एका दिवसात मोजक्या प्रती गेल्या तरी पुस्तक वर चढतं आणि दुसऱ्या दिवशी उतरतं. त्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवता येतो. वाचक त्यातून मिळत नाही.

प्रकाशकांचं म्हणाल तर वर्षभर उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे आणि कादंबरीवरचा शेराही नव्हे. दोघांनाही दोन ओळींचं पत्र पाठवा: हस्तलिखित मागे घेत आहे, कळावे. करार झालेला नाही, त्यामुळे तुम्ही मोकळ्या आहात. १९५७च्या कायद्यानुसार लिहिल्या क्षणापासून कादंबरीचा हक्क तुमचा आहे. तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो तुमच्याकडे किंवा तुमच्या वारसांकडे राहतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही.

माझ्या पहिल्या कादंबरीच्या वेळी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. हजार प्रती छापल्या की एक प्रत स्वस्त पडते, एवढंच ऐकलं आणि हजार छापल्या. खोकी जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी आली. मागच्या खोलीत जमिनीवर रचली. चवथीच्या आधी झाडलोट करताना पाहिलं तर खालच्या थरातली खोकी ओल धरून फुगली होती. आतल्या पुस्तकांच्या कडा तपकिरी, बांधणी सुटलेली. ज्या पुस्तकासाठी चार वर्षं पहाटे उठलो, त्याच्या दीडशे प्रती मी स्वतःच्या हातांनी रद्दीत घातल्या. त्या दिवसाची आठवण अजून जात नाही. म्हणून सांगतो, छपाई पावसाळ्याआधी झाली तरी ताबा ऑक्टोबरात घ्या. ते जमत नसेल तर खोकी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. आणि पहिल्या खेपेला ३००च प्रती छापा. ३०० संपल्या तर पुन्हा छापता येतात; उरलेल्या ७०० परत देता येत नाहीत.

पैशांतला सर्वांत मोठा वाटा संपादनाला द्या. मुखपृष्ठ त्यानंतर. गोव्यात दैनिकांमध्ये वर्षानुवर्षं मुद्रितं तपासलेली माणसं आहेत, त्यांतली काही निवृत्त होऊन घरी आहेत. त्यांच्यापैकी एकाला रीतसर मोबदला देऊन काम द्या. दोनदा वाचून घ्या: एकदा तुमच्या टंकलिखितावर, एकदा पानं लागल्यावर. मांडणीत ओळी सरकतात, जोडाक्षरं फुटतात, एखादा परिच्छेद गळतो. पहिल्या तपासणीत हे दिसत नाही.

त्याआधी तीन वाचक शोधा. एक, ज्याच्या दारात ट्रक उभा होता असा. दुसरा गोव्याबाहेरचा, नाशिक-लातूरकडचा, ज्यानं खाण पाहिलेलीच नाही. तिसरा असा, जो तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही बोलणार नाही. पहिला वाचक तपशिलाच्या चुका पकडेल, आणि तुमच्या कादंबरीत हे सर्वांत महत्त्वाचं आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणींचं काम थांबलं, एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीज (खाणींचे भाडेपट्टे) रद्द केली आणि त्याच वर्षी १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. खाणपट्ट्यातल्या पाळी, वेळगे, पिसुर्ले, शिरगावच्या माणसाला या तारखा आपल्या मुलांच्या जन्मतारखांसारख्या पाठ आहेत. तुमचा नायक एप्रिल २०१८ मध्ये खाणीतून नवा माल काढतोय असं एक वाक्य निघालं, तर तो वाचक पुस्तक मिटेल आणि शेजाऱ्यालाही सांगेल.

गोव्याबाहेरचा वाचक दुसऱ्या कामाचा. तुमच्या पात्रांचं बोलणं कोंकणीत असेलच. आपल्याकडे घरात कोंकणी आणि वाचायला मराठी ही जुनी सवय आहे. ते संवाद पुस्तकी मराठीत फिरवू नका. तळटीपाही नकोत. नाशिकचा वाचक जिथे अडेल तिथे अलीकडचं किंवा पलीकडचं वाक्य असं लिहा, की शब्द आपोआप उकलेल. ‘माटोळी’ म्हणजे काय हे सांगू नका. ती बांधताना वर पोचत नाही म्हणून पाटावर चढलेला मुलगा दाखवा.

आता अक्षरजुळणी, जिच्यात लेखक हमखास फसतो. पुष्कळ ठिकाणी अजून जुन्या, यूनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटमध्ये मजकूर बसवतात. छापील पान सुरेख दिसतं. पण तोच मजकूर ई-बुकसाठी घेतला की चिन्हांचा चिखल होतो. माझी कादंबरी अशीच अडकली. दहा वर्षांनी नवी आवृत्ती काढायची म्हटल्यावर सगळी पुन्हा टंकून घ्यावी लागली. काम देतानाच सांगा: मजकूर यूनिकोडमध्ये हवा, आणि शेवटच्या बिलाबरोबर छपाईची पीडीएफ, मांडणीची उघडी फाइल आणि मुखपृष्ठाची फाइल हवी. हे अक्षरांचं दुखणं आपल्या भूमीत जुनं आहे. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन, कारण देवनागरीचे खिळे पाडणं तेव्हा जमलं नाही. आज जमतं. फक्त आठवणीनं मागून घ्यावं लागतं.

छापखान्याशी बोलताना फॉर्म्याचा हिशेब लक्षात ठेवा. फॉर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं; एक फॉर्मा १६ पानांचा. ७० हजार शब्द डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकारात साधारण २४० पानांत बसतात, म्हणजे १५ फॉर्मे. मजकूर २४३ पानांवर गेला तर तीन पानांसाठी एक फॉर्मा वाढतो. त्यापेक्षा ओळी थोड्या आवळून घ्या. कागद ७० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप), किंचित पिवळसर घ्या. आपल्या दमट हवेत नुसत्या गोंदाच्या बांधणीपेक्षा शिवणबांधणी टिकते. दर तीन ठिकाणांहून मागवा: एक गोव्यातला, एक कोल्हापूर किंवा बेळगावचा, एक पुण्याचा. वाहतूक धरून तुलना करा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, विकत घेऊ नका. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो लेखकालाही विनामूल्य देते, अर्ज ऑनलाइन करायचा असतो. कागदी आवृत्तीला एक आणि ई-बुकला दुसरा क्रमांक लागतो. स्वतः प्रकाशक झालात म्हणजे १९५४च्या कायद्याचं कर्तव्यही तुमच्याकडे येतं: प्रकाशनापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक, स्वखर्चानं. पणजीत पाटोला संस्कृती भवनात कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, तिथेही दोन प्रती नेऊन द्या. हे ग्रंथालय १८३२ पासून चालत आलेलं. खाणपट्ट्यावर पुढे कुणी अभ्यास करायला बसला तर तुमची कादंबरी त्याला तिथे सापडली पाहिजे. त्याच इमारतीत कला आणि संस्कृती संचालनालय आहे. लेखकांसाठी सध्या कोणतं साहाय्य चालू आहे ते छपाईच्या आधी विचारा.

यजमानांना दाखवायला हिशेब देतो. समजा ३०० प्रतींची छपाई १३० रुपयांप्रमाणे ३९ हजार झाली. संपादन, जुळणी आणि मुखपृष्ठ मिळून ३० हजार. एकूण ६९ हजार. छापील किंमत ३०० ठेवलीत आणि हातोहात २५० ला दिलीत, तर २७६ प्रती गेल्यावर पैसे सुटतात. उरल्या २४. ग्रंथालयं आणि परीक्षणं यांत त्या संपतील. दुकानातून गेलेल्या प्रतीचं गणित वेगळं. विक्रेत्याला ४० टक्के दिले तर तुमच्याकडे १८० येतात. छपाई वजा करून ५० उरतात, तेही सहा महिन्यांनी. तेव्हा पहिल्या आवृत्तीत नफा धरू नका. मुद्दल परत यावं, एवढाच बेत ठेवा. आणि ओळखीतला प्रत्येक माणूस ‘म्हाका एक कॉपी दी गो’ म्हणेल, त्याला हसून किंमत सांगा. फुकट दिलेलं पुस्तक टीव्हीखालच्या कप्प्यात जातं. विकत घेतलेलं निदान उघडलं जातं.

ई-बुक छापील आवृत्तीनंतर दोन-तीन महिन्यांनी काढा. ॲमेझॉनच्या केडीपी या ई-बुक सेवेवर मराठी पुस्तक स्वतः चढवता येतं, पैसे पडत नाहीत. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर त्यांच्या ‘सिलेक्ट’ योजनेत जावं लागतं. मग ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, नमुन्यापुरता दहावा भाग सोडून. त्या काळात प्रतिलिपीसारख्या वाचनाच्या ॲपवर प्रकरणं टाकू नका. परगावच्या वाचकांसाठी टपाल खात्यानं मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००, कर वेगळे. तुमची प्रत त्या दरात बसते का ते पोस्टमास्तरांना दाखवून आधीच ठरवून घ्या, म्हणजे किंमत सांगताना गोंधळ होणार नाही.

आता लाज. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

बाई, जत्रेची वर्गणी मागायला तुम्ही घरोघरी गेला असाल. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी पाळीच्या दुकानदारापासून पंचायतीपर्यंत सगळ्यांकडे गेला असाल. तेव्हा लाज वाटली नाही, कारण ते काम सगळ्यांचं होतं. ही कादंबरीही त्यांचीच आहे. बँकेचे हप्ते थकले, ट्रकाचे टायर दारातच कुजले, मुलगा आखातात गेला, बायकोनं मंगळसूत्र सोडून बाकी सोनं गहाण ठेवलं. या सगळ्याचे आकडे पेपरात छापून आले, पण त्या घरांतलं बोलणं कुणी लिहिलं नव्हतं. तुम्ही ते लिहिलंत. मग ‘तुमच्यावर लिहिलंय, वाचून बघा’ एवढं सांगायला जाणं यात आपली बढाई कुठे येते? तुमच्या गावातल्या माणसाला स्वतःविषयीचं पुस्तक आहे हे कळू न देणं, हेच मला चुकीचं वाटतं.

म्हणून ८५ हजारांच्या मोहिमेऐवजी शंभर पानी वही घ्या. तिच्यात शंभर नावं लिहा. नाव, वाडा, फोन, आणि या माणसाला हे पुस्तक का द्यावंसं वाटतं ते एका ओळीत. ती ओळ सुचली नाही तर नाव खोडा. ३१ वर्षांचे विद्यार्थी आहेत, त्यांतले कितीतरी आज पालक आहेत. ट्रकमालक, ड्रायव्हर, खनिज वाहणाऱ्या बार्ज-बोटींवर काम केलेले, आमोण्याच्या जेटीवर (धक्क्यावर) चहा विकणारे, थकलेल्या कर्जांच्या फायली ज्यांनी हाताळल्या ते बँकेचे कारकून, कुडचडे-सांग्याकडचे तुमचे नातेवाईक. गोवा सोडून मुंबईत गेलेले. बदली होऊन फोंड्याला, काणकोणला गेलेल्या तुमच्या सहकारी शिक्षिका. पंचायतीचं वाचनालय, शाळांची ग्रंथालयं. शंभरावर नावं भरायला आठवडा लागेल, लागू द्या. छपाईआधी महिनाभर रोज चार फोन करा आणि ज्यांनी हो म्हटलं त्यांच्यापुढे खूण करा. त्या खुणा मोजून छपाईचा आकडा पक्का करा. सवलतीच्या किमतीत आगाऊ पैसे देणारे निघाले तर यूपीआयवर घ्या आणि वहीत तारीख टाका.

प्रकाशन समारंभ पणजीत, व्यासपीठावर सात पाहुणे आणि समोर तीस माणसं, असा करू नका. साखळीचं रवींद्र भवन परवडलं तर उत्तम. नाहीतर देवळाचा सभामंडप आहेच. गावात जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं, पोरं महिनाभर तालमी करतात. त्यांच्यातल्या दोघांना, एका मुलीला आणि एका मुलाला, तुमच्या कादंबरीतलं नवरा-बायकोच्या भांडणाचं प्रकरण वाचायला द्या. चांगल्या दोन तालमी घ्या. आवाज त्यांचा, शब्द तुमचे, समोर ती घरं. भाषण एकच, तुमचं, दहा मिनिटांचं. दाराशी टेबल, त्यावर पुस्तकं, क्यूआर कोडचा कागद आणि हिशेब ठेवायला तुमचा एखादा जुना विद्यार्थी. त्या वाचनाचं तीन-चार मिनिटांचं ध्वनिमुद्रण करून घ्या. आपल्याकडचा मराठी वाचक सगळ्यात जास्त भेटतो तो व्हॉट्सॲपवर, आणि मुखपृष्ठाच्या चित्रापेक्षा ओळखीच्या आवाजातला संवाद तिथे पुढे जातो.

एक प्रकरण दिवाळी अंकाला पाठवा. त्यांचं साहित्य पावसाळ्यातच ठरतं, तेव्हा जूनमध्ये पाठवलेलं बरं. ते प्रकरण स्वतंत्र वाचता यायला हवं आणि खाली ‘आगामी कादंबरीतून’ एवढंच असावं. दैनिकांच्या रविवार पुरवण्यांना प्रत आणि एका पानाची माहिती द्या. परीक्षण आलं तर आनंद, नाही आलं तर पुन्हा फोन नको. फेसबुकवर पैसे भरून जाहिरात मी तरी पहिल्या सहा महिन्यांत करणार नाही.

राहिला तो माणूस. तुम्ही हा प्रश्न शेवटी विचारलात, पण मला वाटतं रात्री झोप उडवत असेल तो हाच.

नाव, गाव, ट्रकाचा नंबर, मुलांची संख्या, आजार, ज्यावरून गाव त्याला ओळखेल असं सगळं बदला. खाण कंपन्यांची आणि बँकांची खरी नावंही नकोत. कायद्याच्या दृष्टीनं हेच शहाणपणाचं. पण एवढ्यानं भागणार नाही, कारण वाड्यावर सगळ्यांना कळणार आहे. म्हणून पानं लागायच्या आधी, अजून बदल करता येतील तेव्हा, त्याच्या घरी जा. त्याची बायको घरात असेल अशी वेळ निवडा. हस्तलिखित बरोबर न्या. ज्या पानांत तो सर्वांत दुबळा दिसतो तीच पानं आधी वाचून दाखवा, चांगली नकोत. तो रागावेल, किंवा गप्प बसेल, किंवा म्हणेल की त्या दिवशी असं झालं नव्हतं, आणि कसं झालं होतं ते सांगू लागेल. एखादी गोष्ट काढून टाका म्हणाला तर ती काढा. कादंबरी त्यावाचून उभी राहते. वहीत पहिलं नाव त्याचं लिहा. बाकीचे फोन त्याच्या घरून परत आल्यावर सुरू करा.